सोलर हीटरच्या गरम पाण्यावर खोली गार करायचीय, केमिकल हीट पंप कुणी वापरलाय का? (बजेट दीड लाख)

गच्चीवाला_नाशिक: गच्चीवर ३०० लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे, एप्रिल-मेमध्ये गरम पाणी कुणी घेत नाही, टाकीत नुसतं तापत पडतं. त्याखालच्याच बाबांच्या खोलीची दुपारी भट्टी होते. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) किंवा मिठाचा केमिकल हीट पंप उष्णता साठवतो आणि गारवाही देतो असं वाचलं. घरगुती कुठे मिळेल? दीड लाखाच्या वर नाही.

मिरजकर: ३ किलोवॅटचं पॅनल आणि इन्व्हर्टर एसी घ्या सरळ. माझं तीन वर्षं झाली, बिल नावाला येतं. दोन लाखांच्या वर जाईल पण वसूल होतं.

कमल_ताई: कूलरला वाळ्याच्या ताट्या लावा, नाशिकची हवा कोरडी.

मिरजकर: ताई, पाऊस तोंडावर आला की कूलर चिकचिक करतो.

वैशाली_म्युनिक: इथे एका शाळेत ७ टन झिओलाइट (ओल शोषणारं सच्छिद्र खनिज) बसवलं होतं, ते रात्री १३० अंशांवर वाळवायचं, मग त्यातून दमट हवा सोडली की पाणी शोषताना ते तापायचं. कोरडं ठेवलं तर साठवलेली उष्णता निवत नाही, मला हे फार आवडतं. पण तुमच्या पाण्यावर झिओलाइट नीट वाळणार नाही, सिलिका जेलला ६०-८० अंश पुरतात.

चिलरवाला: ३०० लिटर पाणी ४० अंशांनी तापलं की १४ युनिट उष्णता. जेलच्या चिलरमध्ये हवा काढलेल्या टाकीत पाणी उडून गारवा होतो, वाफ जेल शोषतं आणि गरम पाण्याने ते पुन्हा वाळवायचं. तो त्या उष्णतेच्या निम्मा गारवा देतो, म्हणजे एक टनाचा एसी दोन तास, बस. शिवाय उष्णता बाहेर टाकायला कूलिंग टॉवर हवा. आमच्या कारखान्यातल्या चिलरचा व्हॅक्यूम गेला तेव्हा नायट्रोजन भरून सांधा न सांधा साबणाच्या फेसाने तपासला, शेवटी एका वेल्डवर मोहरीएवढा बुडबुडा आला. आत हवा शिरली की पाणी हवं तसं उडत नाही, गारवा संपला. दीड लाखात होणार नाही. आणि अशा पंपात वापरतात ते सोडियम सल्फाइडचं मीठ घरात नकोच, आम्ल लागलं की विषारी वायू.

मिरजकर: म्हणूनच म्हटलं, पॅनल.

बोअरचं_पाणी: आधी ट्यूबमधला क्षार काढा, माझ्या दोन तडकल्या.

गच्चीवाला_नाशिक: सगळ्यांचे आभार. बाबांना खालच्या खोलीत हलवलं, रात्री शांत झोपले. पॅनल, एसी, कूलर काहीच घेत नाही. ओळखीच्या वेल्डरकडून स्टीलच्या दोन टाक्या करून घेतोय, २० किलो जेल सांगितलंय. एक किलो पाणी उडताना ०.६८ युनिट उष्णता ओढतं, दोन किलो उडालं तरी मला बघायचंय. चिलरवाले दादा, व्हॅक्यूम पंप कुठला घेऊ?