अँबॅसडर १४८९ सीसी : नवे बुश बसवल्यावर कॅमशाफ्ट शेवटच्या बोटभर अंतरात अडकतो

मार्कटू_कोथरूड (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी वडिलांच्या काळातली अँबॅसडर मार्क टू आहे आणि तिचे मूळचे बीएमसी बी-सिरीज पेट्रोल इंजिन सध्या पूर्ण उघडून नव्याने बांधायला घेतले आहे. ब्लॉकचे बोअरिंग, होनिंग आणि कॅमशाफ्टचे (झडपा उघडणाऱ्या दांड्याचे) तिन्ही बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या कड्या, बदलणे ही कामे एका मशीन शॉपकडून करून घेतली. बुश पुण्याच्या नाना पेठेतून मीच आणून दिले होते. ब्लॉक घरी आल्यावर धुऊन, तेल लावून कॅमशाफ्ट पुढच्या बाजूने आत सरकवला, तेव्हा तो जवळजवळ पूर्ण लांबी अलगद आत गेला आणि बोटभर अंतर उरले असताना थांबला. तळहाताने दाबल्यास किंचित पुढे जातो, पण मग फिरवता येत नाही.

इंजिन उघडताना हाच शाफ्ट विनासायास बाहेर आला होता. त्याची जर्नल, म्हणजे बुशमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरने मोजली असता पुढचे १.७८९, मधले १.७२९ आणि मागचे १.६२३ इंच भरले, म्हणजे मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहेत. शॉपवाल्यांचे म्हणणे असे की लाकडी हातोडीने ठोकून बसवा, इंजिन चालू झाले की आपोआप मोकळा होईल. मला हे पटत नाही. दोष शाफ्टचा आहे की बुशचा, हे ठरवायचे कसे, आणि बुशला आतून हलका पॉलिश पेपर मारला तर चालेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टूलरूम_निवृत्त

ठोकू नका आणि पॉलिश पेपरही मारू नका. बुशच्या आतला थर व्हाइट मेटलचा, म्हणजे मऊ असतो. एमरीचे कण त्यात रुतून बसतात आणि पुढे वर्षानुवर्षे जर्नल कापत राहतात.

शाफ्ट शेवटी का अडकतो, ते या इंजिनाच्या रचनेतच आहे. तिन्ही जर्नल पुढून मागे लहान होत जातात, त्यामुळे मागचे आणि मधले जर्नल पुढच्या बुशमधून न घासता निघून जातात, आणि तिन्ही जर्नल आपापल्या बुशमध्ये शिरतात ती वेळ शेवटच्या अर्ध्या-पाऊण इंचातच येते. म्हणून ‘जवळजवळ पूर्ण आत गेला’ यावरून एकही बुश बरोबर आहे असे सिद्ध होत नाही.

तुमची जर्नल बरोबर असतील, तर बुशचा आतला व्यास पुढे १.७९०२५ ते १.७९०७५, मधे १.७३०२५ ते १.७३०७५ आणि मागे १.६२४२५ ते १.६२४७५ इंच हवा. जर्नल आणि बुश यांत एक ते दोन थाऊ, म्हणजे हजारांश इंच, इतकी फट राहिली पाहिजे. हे बुश ब्लॉकमध्ये दाबून बसवले की आवळले जाऊन आतून लहान होतात आणि त्यानंतर तिन्ही एका रेषेत रीमरने, म्हणजे भोक आतून तासणाऱ्या हत्याराने, मापाला आणायचे असतात. शॉपने नुसते बुश दाबून दिले आणि रीमिंग केलेच नाही, अशी दाट शक्यता दिसते. त्यांना थेट विचारा.

पण त्याआधी शाफ्ट निर्दोष ठरवा. पुढचे आणि मागचे जर्नल व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मधल्या जर्नलवर काट्याचे डायल गेज लावा आणि शाफ्ट सावकाश एक फेरा फिरवा. दोन्ही टोकांचे व्यास वेगळे असल्याने शाफ्ट किंचित कललेला दिसेल, त्याने वाचनात फरक पडत नाही. काटा एक-दीड थाऊच्या पुढे हलला तर शाफ्ट वाकला आहे. नाही हलला, तर तिन्ही जर्नलवर निळ्याचा, म्हणजे घासेल तिथे डाग सोडणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ हात फिरवून शाफ्ट सरळ आत घाला, अडेल तिथे दोन्ही बाजूंना जरासा हलवा, बाहेर काढा आणि कोणत्या बुशमध्ये, नेमक्या कोणत्या जागी निळे लागले ते टॉर्च लावून पाहा. डाग गोलाकार सगळीकडे असेल तर बुश लहान आहे, एकाच कडेला असेल तर बसवताना कड दबून बर, म्हणजे धातूची उठलेली धार, आली आहे, आणि समोरासमोरच्या विरुद्ध कडांना असेल तर बुश तिरका बसला आहे.

गॅरेज_भवानीपेठ

आमच्याकडे याला सोपा उपाय आहे. त्याच इंजिनाचा एखादा जुना कॅमशाफ्ट घ्यायचा, जर्नलवर तिरक्या खाचा पाडून घ्यायच्या आणि भरपूर तेल सोडून तोच आत फिरवायचा. जिथे जास्तीचे असेल तिथले छिलून निघते आणि तिन्ही बुश आपोआप एका रेषेत येतात. जुन्या बाजारात रविवारी असा शाफ्ट भंगाराच्या भावात मिळून जातो. लाइन रीमरचे भाडे कशाला भरायचे?

टूलरूम_निवृत्त

रेषेपुरते तुमचे म्हणणे मान्य आहे, मापापुरते नाही. जुना शाफ्ट ज्या मापाचा असेल त्याच मापाचे भोक तो पाडणार. त्याची जर्नल नव्याइतकी असली तरी फट शून्य राहील आणि झिजलेली असली तर त्याहून कमी. तेलाला जागा कुठून मिळेल? अशा फिटिंगमध्ये शाफ्ट हाताने फिरतो, म्हणून मिस्त्री खूश होतो. इंजिन तापले की व्हाइट मेटल ओढले जाते, बुश ब्लॉकमध्ये फिरतो आणि स्वतःचेच तेलाचे छिद्र बंद करून टाकतो. या इंजिनात रॉकर शाफ्टचे, म्हणजे झडपा दाबणारे रॉकर ज्यावर हलतात त्या वरच्या दांड्याचे, तेल कॅमच्या बेअरिंगमधूनच वर चढते, तेव्हा नुकसान एका बुशपुरते राहत नाही.

पद्मिनी_प्रेमी

वाचकांपैकी कोणी पद्मिनीचे इंजिन बांधत असेल, तर वरचे आकडे तिथे लावू नयेत, एवढेच सांगतो. ते फियाट ११०० चे १०८९ सीसी इंजिन आहे, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. ब्लॉकमधला कॅमशाफ्ट, पुशरॉड, चेन हे सगळे वरवर सारखे दिसले तरी मापे त्याच्याच पुस्तकातून घ्यावीत.

मार्कटू_कोथरूड

सर्वांचे आभार. डायल गेजचा काटा अर्धा थाऊसुद्धा हलला नाही, त्यामुळे शाफ्ट निर्दोष ठरला. निळे लावून पाहिल्यावर पुढच्या आणि मागच्या बुशमध्ये फिकट गोल डाग आला. मधल्या बुशमध्ये मात्र पुढच्या तोंडाशी वरच्या कडेला आणि मागच्या तोंडाशी खालच्या कडेला गडद, चकचकीत पट्टा उठला. टॉर्च तिरका धरल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की त्या बुशचे तेलाचे छिद्र ब्लॉकमधल्या छिद्रावर चंद्रकोरीसारखे अर्धेच उघडे आहे. शॉपने रीमिंग केले नसल्याचेही कबूल केले. आता फक्त मधला बुश बदलून तेवढाच रीमरने मापाला आणला तर पुरे होईल का?

टूलरूम_निवृत्त

नाही. फिकट गोल डागाचा अर्थ उरलेले दोनही जर्नलला चिकटून आहेत, म्हणजे तेही लहान आहेत. मधला बुश काढून नवा घ्या आणि तो हातोडीने न बसवता लांब थ्रेडेड रॉड, जाड वॉशर आणि बुशच्या आत घट्ट बसणारी पायरीची ड्रिफ्ट (बुश ढकलायचा दंडगोल) वापरून ओढून बसवा. तो आत जाण्याआधी छिद्राच्या रेषेत ब्लॉकवर आणि बुशच्या कडेवर खूण करून घ्या, कारण एकदा आत गेला की फिरवता येत नाही. नंतर तिन्हींचे रीमिंग एकाच सेटिंगमध्ये करा. ज्या रीमरला पुढे-मागे पायलट असतात, म्हणजे एक बुश कापला जात असताना दुसऱ्या दोन बुशांचा आधार मिळतो, तसाच रीमर हवा. भोसरी एमआयडीसीत अशी कामे करणारे आहेत; जाताना वरची मापे कागदावर लिहून द्या आणि काम झाल्यावर त्यांच्यासमोरच बोअर गेजने दोन दिशांना मोजून घ्या. ब्लॉक परत आला की गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलवाहिनीचे, प्लग काढून आतून ब्रश आणि दाबाची हवा मारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण रीमिंगचा कीस नेमका तेलाच्या छिद्रात जाऊन बसतो.

मार्कटू_कोथरूड

तसेच करून घेतले. मधल्या बुशचे माप १.७३०५ इंच आले आणि शाफ्ट आता दोन बोटांनी फिरतो. परंतु पुढची लोकेटिंग प्लेट (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारी) आणि चेनचे स्प्रॉकेट लावून नट आवळला की तो पुन्हा जड होतो. बुश पुन्हा बिघडले असतील का?

टूलरूम_निवृत्त

बुशला हात लावू नका, हा पुढे-मागे खेळण्याचा, म्हणजे एंड फ्लोटचा प्रश्न आहे. शाफ्ट बाहेर काढून टेबलावरच प्लेट आणि स्प्रॉकेट चढवा, नट पूर्ण आवळा आणि प्लेट व जर्नलचा खांदा यांच्यामध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ३ ते ७ थाऊ फट मिळाली पाहिजे. शून्य आली तर प्लेट उलटी बसली आहे, तिच्या पाठीमागे कचरा आहे किंवा नवी प्लेट जाड आहे, यापैकी काहीतरी सापडेल. व्हाइट मेटलचा थर असलेली बाजू जर्नलकडे यायला हवी. जुनी प्लेट फेकली नसेल, तर दोन्हींची जाडी मायक्रोमीटरने ताडून पाहा.

ते जमले की कॅमच्या लोबला, म्हणजे उंचवट्यांना, आणि त्यांवर टेकणाऱ्या टॅपेटच्या तळाला असेंब्ली लुब्रिकंट लावा, जुने टॅपेट ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपल्या मूळ जागीच घाला, आणि पहिल्यांदा इंजिन लागल्यावर साधारण वीस मिनिटे दीड ते दोन हजार फेऱ्यांवर ठेवा. त्या वेळात आयडलवर सोडू नका, कारण लोबवर तेल उडते ते क्रँकच्या वेगाने आणि आयडलला ते पुरेसे उडत नाही.