बायोडाटात विद्यापीठाची रँक आणि शाळेची बक्षिसं कुठं लिहायची?

नंदगडची
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. 2017 ला मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, 625 पैकी 589, शाळेत पहिली. 2022 ला राणी चन्नम्मा विद्यापीठातून बी.कॉम., विद्यापीठात चौथी रँक. तेव्हापासून बेळगावात एका सीएंच्या ऑफिसात जीएसटी आणि टॅलीचं काम करते. आता पुण्यात अकौंट्सच्या जागेसाठी अर्ज करायचाय. बाबा म्हणतात, गावातल्या गुणगौरवापासून निबंधाच्या ढालीपर्यंत सगळं घाल, कष्टानं मिळवलंयस. मैत्रीण म्हणते शाळेचं काही नको. पान एकच ठेवायचंय. काय ठेवू, काय काढू?

येळ्ळूरकर
ताई, मी पुण्यात एका कंपनीत भरतीचं काम बघतो. आपल्या भागातल्या मुलांचे बायोडाटे आले की जीव तुटतो, कारण सगळ्यात वजनदार गोष्ट तळाला, रक्तदान शिबिराच्या सर्टिफिकेटखाली दडलेली असते. तुमची रँक बी.कॉम.च्या ओळीला लागूनच पाहिजे. वेगळा रकाना नको.

आणि नुसतं ‘चौथी रँक’ लिहू नका. पुण्यातल्या माणसाला वाटतं कॉलेजात चौथी. हे विद्यापीठ 2010 चं, त्याआधी आपली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, त्यामुळं इकडं बऱ्याच जणांना नावही माहीत नाही. बेळगाव, विजापूर, बागलकोट अशा तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांची मुलं त्याच यादीत होती, हे सांगितलं की त्या चौथ्या क्रमांकाची किंमत कळते. रँक कुणी दिली, कितीजणांत, कुठल्या साली, एवढं आलंच पाहिजे.

दहावीचंही तसंच. महाराष्ट्रात टक्केवारी पाचशेवर काढतात. आपल्याकडं प्रथम भाषा 125 ची आणि बाकीचे पाच विषय शंभराचे, म्हणून 625. नुसतं 589 लिहिलं तर वाचणारा गोंधळतो. 94.24 टक्के लिहा, शेजारी 589/625. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘पैकी’चा रकाना असतो, तिथं 625 च टाका. ‘एसएसएलसी’च्या आधी ‘दहावी’ आणि ‘पीयूसी’च्या आधी ‘बारावी’ लिहा.

गुणगौरव काढा. तो सत्कार त्याच 589 साठी झाला ना? एकाच गुणांचं दोनदा कौतुक नको. बाबांना सांगा, सन्मानचिन्ह घरी दर्शनी जागेवर ठेवूया, बायोडाटाला गुण पुरतात.

निपाणीच्या बाई
मी हायस्कूलला मराठी शिकवते. येळ्ळूरकरांचं पटतंय, पण निबंधाची ढाल सरसकट काढू नका. स्पर्धा शाळेपुरती होती की तालुक्याची, जिल्ह्याची? वर्गातली असेल तर सोडून द्या. जिल्ह्याची असेल तर भाषांच्या ओळीत एका वाक्यात बसते. आपल्या मुली मराठी लिहितात, कन्नड वाचतात, हिंदी-इंग्रजीत काम भागवतात, आणि ‘लँग्वेजेस नोन’ म्हणून चार नावं टाकून मोकळ्या होतात. ज्या कंपनीचा माल हुबळी-बेंगळूरला जातो तिथं कन्नड पत्र वाचणारी अकौंटंट मिळाली तर त्यांना हवीच असते. कन्नड पेपरातले गुण चांगले असतील तर तेही लिहा.

येळ्ळूरकर
बाई, कन्नडचं एकदम बरोबर. ढालीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. हातात नोकरीचा अनुभव आहे, ती जागा त्याला द्यावी. महिन्याला किती जणांची जीएसटी रिटर्न भरता, ऑडिटला कुठले कागद तयार करता, हे वर लिहा. नवी पदवीधर असती तर मीही ढाल ठेवा म्हटलं असतं.

नंदगडची
खूप उपकार झाले सगळ्यांचे. ढाल शाळेतलीच होती, काढली. कन्नडला 96 होते, घालते. ओळ अशी केलीय, चालेल का?

‘बी.कॉम., राणी चन्नम्मा विद्यापीठ, बेळगावी, 2022. विद्यापीठात चौथा क्रमांक (बेळगाव, विजापूर व बागलकोट जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून).’

येळ्ळूरकर
चालेल काय, झकास! शेवटी टक्केवारी तेवढी जोडा. आणि रँक सर्टिफिकेट स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा, मुलाखतीत हमखास मागतात. बायोडाट्यातलं साल आणि सर्टिफिकेटवरचं साल एकच आहे ना, तेवढं आज रात्रीच बघून घ्या. परीक्षेचं साल वेगळं आणि पदवीदानाचं वेगळं असतं, तिथं पडताळणीवाले अडवतात.