मदत हवी आहे: बाळाला घेऊन थीम पार्कला जायचंय, बाबागाडी की कॅरिअर?

निशिगंधा_०७
शनिवारी थीम पार्कला जातोय, तिकिटं काढून झाली. बाळ बरोबर आहे. बाबागाडी न्यावी की कॅरिअरमध्ये घ्यावं? आणि दुधाचं कसं करायचं? दोन दिवस शोधतेय, सगळीकडे "भरपूर फोटो काढा" एवढंच मिळतंय. प्लीज लवकर सांगा, पिशवी भरायची आहे.

सरळरेघ
बाळ केवढं आहे? दोन महिने आणि अकरा महिने, दोन्हीची उत्तरं पूर्ण वेगळी. दूध अंगावरचं की पावडरचं? मोठी माणसं किती? बाबागाडीची पाठ आडवी होते का? ऊन किती असेल?

पाणकणीस
पाण्यात उतरणार असाल तर साधा डायपर अजिबात नको, पाणी शोषून फुगतो आणि लोंबायला लागतो. पोहण्याचा डायपर वेगळा मिळतो. तो फक्त शी अडवतो, शू अडवत नाही, आणि शीसुद्धा थोडाच वेळ. म्हणून दर तासाला तपासायचा आणि बदलायचा तो पाण्यापासून लांब. जुलाब होत असतील तर पाण्यात नेऊच नका.

निशिगंधा_०७
पाण्यात जायचंच नाहीये! बाळ पाच महिन्यांचं. अंगावरचं आणि पावडरचं, दोन्ही. आम्ही दोघं आणि मोठी मुलगी, सहा वर्षांची, तिच्यासाठीच चाललोय. ऊन कडक. गाडी घडीची आहे, छत्रीसारखी मिटते ती.

कापूसकोंडा
मग प्रश्न मिटला, कॅरिअर. रांगेत बहुतेक ठिकाणी बाबागाडी आत घेऊ देत नाहीत, बाहेर लावून बाळ उचलावंच लागतं. दिवसातून दहादा ही उठाठेव करण्यापेक्षा अंगावर बांधलेलं बरं.

सरळरेघ
कापूसकोंडा, कडक उन्हात आठ तास? दोन अंगांची ऊब एकमेकांना लागते, दोघंही घामाघूम होतात. तासाभराने बाळाला मोकळं करायलाच हवं. आणि कॅरिअरमध्ये हनुवटी छातीला टेकता कामा नये. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी जागा हवी, तोंड सतत दिसायला हवं, मान थोडी खाली केली की कपाळाची पापी घेता यावी इतकं बाळ वर हवं. झोपलं की घसरतं, तेव्हा पुन्हा तपासा.

निशिगंधा, छत्रीवाल्या गाडीची पाठ आडवी होत नसेल तर ती पाच महिन्यांच्या बाळाला चालणार नाही. आधाराशिवाय बसता येत नाही तोवर अशा गाडीत डोकं पुढे लुढकतं आणि श्वासाला अडथळा येतो. पार्कात भाड्याने मिळणाऱ्या गाड्या बहुधा टणक प्लॅस्टिकच्या आणि सरळ पाठीच्या असतात, म्हणजे त्याही बाद. पाठ आडवी होणारी गाडी कुणाकडून दोन दिवसांसाठी मागून घ्या आणि कॅरिअर खालच्या जाळीत टाका. दोन्ही लागतं.

मोरपीस२
गाडीवर पातळ दुपटं टाकलं की झालं, ऊन लागत नाही आणि बाळ शांत झोपतं.

सरळरेघ
कृपया असं करू नका! कोरडं दुपटं टाकलं की आतली हवा कोंडते आणि कापड पातळ असलं तरी आत बाहेरपेक्षा जास्त तापतं. शिवाय बाळ दिसत नाही. गाडीचं स्वतःचं छत आणि झाडाची किंवा इमारतीची सावली, एवढंच.

रानजाई
थोडी भर. कापड लागणारच असेल तर मलमलचं, ओलं पिळून, एक बाजू पूर्ण उघडी ठेवून, आणि सोबत बॅटरीचा छोटा पंखा. पाणी वाळताना उष्णता खेचून घेतं म्हणून आत गार राहतं. पण पंधरा-वीस मिनिटांत ते सुकतं, तेव्हा परत भिजवायचं. हे लक्षात राहणार नसेल तर कापड नकोच. पंख्याची पाती जाळीत बंद असलेली घ्या, बोटं जातात. बाळ तापलंय का हे हाताला नाही, मानेमागे आणि छातीला हात लावून बघायचं.

सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीनवर भिस्त नको. लांब बाह्यांचे पातळ सुती कपडे, रुंद काठाची टोपी. सावली मिळणारच नाही तिथे गाल आणि हाताच्या पाठीवर जरासं एसपीएफ ३० चालतं.

मोरपीस२
आणि पाणी पाजत राहा मधेमधे.

रानजाई
नाही! पाच महिन्यांना वरचं पाणी नको. मूत्रपिंडं अजून कच्ची असतात, नुसतं पाणी गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. उन्हात दूधच जास्त वेळा द्यायचं. डायपर तासन् तास कोरडा, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल: असं दिसलं तर थेट पार्कातल्या प्रथमोपचार केंद्रात.

निशिगंधा_०७
पावडरच्या दुधाच्या बाटल्या घरूनच तयार करून नेऊ का?

कापूसकोंडा
न्या की, थर्मल पिशवीत टाकून.

रानजाई
नुसत्या पिशवीत नाही. बनवलेलं दूध बाहेर दोन तासांच्या आत संपायला हवं, आणि बाळाने तोंड लावल्यापासून एका तासात. उरलेलं ओतून द्या. सोपी रीत अशी: प्रत्येक वेळेची पावडर मोजून, सपाट चमच्याने, वेगवेगळ्या कोरड्या डब्यांत. उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून मिसळताना पाणी निदान ७० अंश सेल्सिअस हवं. मग झाकण लावून बाटली नळाखाली धरा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. थर्मास सकाळी आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतला तर पाणी जास्त वेळ गरम राहतं. दुपारनंतर पाणी कोमट झालं तर अंगावर पाजा. जितके फीड लागतील त्यापेक्षा एक डबा जास्त.

अंगावरचं काढलेलं दूध नेणार असाल तर थर्मल पिशवीत गोठवलेल्या जेल पॅकसोबत २४ तास टिकतं. सुटा बर्फ काही पार्कांत आत नेऊ देत नाहीत, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तर मनाईच आहे.

सरळरेघ
मोठीची उंची किती? तिच्यासाठी जाताय तर खरा प्रश्न तो.

निशिगंधा_०७
११२ सेंमी. बाळाला घेऊन एकाला बाहेरच बसावं लागणार ना?

सरळरेघ
लागेल, पण दोनदा रांग लावायची गरज नाही. रायडर स्वॅप, बेबी स्विच, नाव काहीही असेल, चौघांनी मिळून राईडच्या दाराशी जायचं आणि *रांगेत शिरण्याआधी* कर्मचाऱ्याला सांगायचं. आधी सांगितलं नाही तर नंतर चिठ्ठी मिळत नाही. एक पालक मोठीला घेऊन जातो, दुसरा बाळाजवळ. मग अदलाबदल, दुसरा थेट पुढून जातो. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यासोबतही एकाला सोडतात, म्हणजे मुलीला दोन फेऱ्या.

राईडवर बसायला कमीत कमी उंची लागते, १०२, ११२, १२२ सेंमी या नेहमीच्या मर्यादा आहेत, ती बरोबर काठावर आहे. दिवसभर चालून मणके दबतात, संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. काठावरच्या राईड सकाळीच उरका.

बाळाला घेऊन बसता येणाऱ्या संथ बोटी वगैरे चालतात, पण काही ठिकाणी कॅरिअर सोडून मांडीवर घ्यायला सांगतात. वेग, झटका, एकदम अंधार असेल तिथे नको.

पाणकणीस
दोन गोष्टी. गाडीच्या दांड्याला जड पिशवी अडकवू नका, बाळ उचललं की गाडी मागे उलटते. आणि शी पाठीपर्यंत चढली तर बॉडीसूट डोक्यावरून काढू नका. त्याच्या खांद्यावर जी दुमड असते ती त्यासाठीच: गळा ताणून दोन्ही खांद्यांवरून *खाली* ओढा, पायातून काढा. केसांना काही लागत नाही. दोन पूर्ण जोड, तीन तासांना दोन डायपर या हिशोबाने, वर दोन जादा.

मोरपीस२
बाबागाडी कुठल्या कंपनीची चांगली? माझ्या भाचीसाठी घ्यायची आहे.

रानजाई
मोरपीस२, वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल.

निशिगंधा_०७
आडव्या पाठीची गाडी शेजारून मिळाली! कॅरिअरही घेते. शेवटचं: रात्रीची आतषबाजी होईपर्यंत थांबावं का? मोठी हट्ट धरून बसलीय.

सरळरेघ
कानात बोळे नकोत, निघून तोंडात जातात. कानावरून बसणारे लहान मुलांचे मफ घ्या, मऊ पट्ट्याचे. शनिवारच्या आधी घरी दहा मिनिटं घालून बघा, नाहीतर ऐन वेळी ओढून काढेल. स्पीकरजवळ आणि उडवण्याच्या जागेसमोर उभं राहू नका, दाराच्या बाजूला लांब थांबा. शो संपला की सगळे एकदम सुटतात, त्या गर्दीत गाडी ढकलणं फार कठीण. शेवटच्या पाच मिनिटांआधी निघा, आकाशातलं चालता चालताही दिसतं.