मायोडी जीन काढला तरी उंदराला स्नायू येतात, मग तो मास्टर कसला?

सायली_बायो:
एमएस्सीला डेव्हलपमेंटल बायोलॉजी आहे आणि इथेच अडकलेय. १९८७ला सिअ‍ॅटलच्या लॅबमध्ये मायोडी साध्या फायब्रोब्लास्टमध्ये (जोडऊतीतल्या पेशींमध्ये) घातला आणि त्या पेशी चक्क स्नायूपेशी व्हायला लागल्या, म्हणून तो मास्टर जीन, म्हणजे एकटाच सगळं चालू करणारा, असं शिकवतात. पण १९९२ला तोच जीन बंद केलेले उंदीर जन्मले, जगले, आणि स्नायू जवळपास नॉर्मल! सर म्हणाले रिडंडन्सी (एकाचं काम दुसराही करू शकतो), पण एवढ्यावर समाधान होत नाहीये. कोणी नीट सांगेल का?

मिलिंद७४:
सर बरोबर आहेत पण ते अर्धंच उत्तर झालं. मायोडीचा भाऊ, म्हणजे त्याच घराण्यातला जीन, आहे मिफ-५. मायोडी नसला की मिफ-५ वाढतो आणि काम निभावून नेतो. १९९३ला दोन्ही एकदम काढले तर पिल्लांना सांगाड्याचे स्नायूच नाहीत, मायोब्लास्टसुद्धा (ज्यांच्यापासून स्नायू बनतात त्या पेशी) नाहीत, जन्मल्यावर लगेच मेली. याच घराण्यातला मायोजेनिन मात्र वेगळा, तो काढला तर मायोब्लास्ट बनतात, जागेवर पोचतात, पण एकमेकांना जुळून फायबर होत नाहीत. म्हणजे स्नायू व्हायचं ठरवणं एकाकडे आणि ते पूर्ण करणं दुसऱ्याकडे.

गर्भशास्त्र_प्रेमी:
मिलिंददा, १९९३च्या प्रयोगात एक गोम आहे. मिफ-५ आणि याच घराण्यातला चौथा, एमआरएफ-४, एकाच क्रोमोसोमवर शेजारी शेजारी, त्यामुळे मिफ-५ मोडताना एमआरएफ-४ पण बिघडला होता. २००४ला एमआरएफ-४ शाबूत ठेवून बाकीचे दोन काढले तर भ्रूणात थोडे स्नायू आले! म्हणजे ठरवणारे दोन नाही, तीन. मला तर हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो, पण क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

आणि सायली, मायोडी ही सुरुवात नाहीच. भ्रूणात न्यूरल ट्यूबकडून (पुढे मेंदू-मज्जारज्जू होणारी नळी) डब्ल्यूएनटी आणि नोटोकॉर्डकडून (तिच्याखालचा दांडा) सॉनिक हेजहॉग या प्रोटीनांचे सिग्नल सोमाइटला (बाजूचे पेशींचे ठोकळे, ज्यातून स्नायू होतात) मिळतात, मग हे जीन चालू होतात. हातापायाच्या स्नायूंच्या पेशी तर सोमाइटमधून चालत जातात, त्यासाठी पॅक्स-३ जीन लागतो, तो नसला तर हातापायात स्नायूच नाहीत. आणि चालत असताना मायोडी बंदच असतो, पोचल्यावर चालू होतो.

सायली_बायो:
अरे वा, आता लागली लिंक, थँक्यू दोघांना! मग हृदयाच्या स्नायूतही हेच का?

मिलिंद७४:
नाही गं, तिथे या चौघांपैकी कोणीच नाही. एनकेएक्स२-५, गाटा-४ वगैरे जीनची वेगळी टीम. एमईएफ-२ हा जीन मात्र दोन्हीकडे लागतो, तो वाचच.