श्वानप्रदर्शनात परीक्षक कुत्र्याचा श्वास ऐकतात का?

पगपालक (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे साडेचार वर्षांचा पग आहे. तो घरी आणला तेव्हा पैदासकाराने त्याच्या आईवडिलांना प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची यादी आवर्जून दाखवली होती, आणि त्या वेळी मला तीच आरोग्याची हमी वाटली. गेल्या वर्षापासून मात्र जिना चढताना तो अर्ध्यावर थांबतो, पुढचे पाय फाकवून मान लांब करतो आणि घशातून घरघर करत श्वास ओढतो. रात्री तो आडवा झोपत नाही. बसल्या बसल्याच हनुवटी उशीच्या कडेवर टेकवून डोळे मिटतो, कारण अंग टाकले की श्वास अडतो आणि तो दचकून उठतो. पशुवैद्यांनी नाकपुड्या आणि मऊ टाळूच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे.

हे सगळे चालू असताना मी मुद्दाम एका प्रदर्शनाला गेलो. पगांच्या गटात पहिला आलेला कुत्रा माझ्या कुत्र्यापेक्षाही चपट्या तोंडाचा होता, आणि त्याची घरघर मला दोरीच्या बाहेर स्पष्ट ऐकू येत होती. परीक्षक त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांना ती ऐकू आली नसेल, हे मला पटत नाही. मग ते नक्की काय पाहतात? चूक परीक्षकांची, की त्यांच्या हाती दिलेल्या मानकाची? आणखी एक प्रश्न माझ्यासाठी अधिक तातडीचा आहे. माझ्या कुत्र्याचा बाप विजेता असल्यामुळे एका परिचितांनी त्यांच्या मादीसाठी त्याला मागितले आहे. मी काय उत्तर द्यावे?

रिंगणातला मदतनीस

मी बरीच वर्षे प्रदर्शनांत परीक्षकांच्या हाताखाली रिंगणात काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करत नाहीत, निदान तशी अपेक्षा नसते. प्रत्येक कुत्रा त्या जातीच्या लेखी मानकाला कितपत उतरतो, एवढेच त्यांनी पाहायचे असते. एका कुत्र्याच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्यात दात पाहणे, खांद्यापासून खुब्यापर्यंत हात फिरवून हाडापेराचा अंदाज घेणे, बाजूने ठेवण पाहणे आणि एकदा पळवून चाल पाहणे, एवढे उरकावे लागते. जे डोळ्याला दिसते आणि हाताला लागते त्याचेच गुण होतात. स्टेथोस्कोप तिथे नसतो.

पहिले आधुनिक श्वानप्रदर्शन १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरले, तेव्हा त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या. ते कुत्रे शेतात काम करणारे होते, त्यामुळे बांधा आणि काम यांची गाठ आपोआप बांधलेली होती. १८७३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबची स्थापना झाली, वंशावळींच्या नोंदवह्या सुरू झाल्या, आणि हळूहळू अनेक जातींचे काम संपून केवळ रूप उरले.

माझ्या मते खरी अडचण मानकातल्या विशेषणांत आहे. ‘तोंड आखूड असावे’, ‘डोके मोठे असावे’, ‘कातडीला सुरकुत्या असाव्यात’ अशी वाक्ये पूर्वीच्या मानकांत सहज सापडतात, पण आखूड म्हणजे किती आखूड, याची खालची मर्यादा कुठे लिहिलेली नसे. दहा आखूड तोंडांचे कुत्रे एका ओळीत उभे केले, तर जो गुण जातीची ओळख म्हणून सांगितला आहे तो ज्याच्यात सर्वाधिक ठळक असेल, त्याच्यावर नजर खिळतेच. तो जिंकतो, त्याच्यासाठी माद्यांची रांग लागते, आणि काही वर्षांनी त्याची पिल्ले रिंगणात येतात तेव्हा कालचा अतिरेक आजची सरासरी झालेला असतो. या साखळीतला प्रत्येक परीक्षक प्रामाणिक असू शकतो. मी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांतले बहुतेक तसेच होते, आणि म्हणूनच हे थांबवणे इतके अवघड आहे.

घरघर त्यांना ऐकू आली असणार. परंतु ‘पग म्हटले की घोरणारच’ अशी सवय कानाला एकदा लागली, की तो आवाज आजाराचा न वाटता जातीचा वाटू लागतो.

प्राण्यांची डॉक्टर

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य मला रोज दवाखान्यात ऐकावे लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तोंड आखूड करण्याच्या पैदाशीत कवटीचे हाड आखूड होते, पण आतल्या मऊ भागांचा आकार त्या प्रमाणात घटत नाही. तेवढीच जीभ, तेवढाच मऊ टाळू आणि नाकातल्या त्याच नाजूक पडद्यांच्या गुंडाळ्या निम्म्या जागेत कोंबल्या जातात. टाळूचे टोक श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबते आणि नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद होतात. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, तो उकाड्यात दहा मिनिटांच्या फेरीनेही कोसळू शकतो.

बुलडॉगच्या बाबतीत हाच प्रश्न जन्मापासून सुरू होतो. पिल्लाचे डोके रुंद आणि आईचे कटिर अरुंद. ब्रिटनमधील एका पाहणीत बुलडॉगच्या ८० टक्क्यांहून अधिक विणी सिझेरियनने झाल्याचे आढळले होते. मी अशा कितीतरी शस्त्रक्रिया केल्या आहेत. भुलीतून जागी होणारी मादी पिल्लांना अंगाजवळ घेते तेव्हा समाधान वाटते, पण या जातीला माणसाच्या सुरीशिवाय सहसा पुढची पिढी देता येत नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

प्रदर्शनांनी याकडे अगदीच दुर्लक्ष केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटाने हा विषय चव्हाट्यावर आणल्यानंतर केनेल क्लबने मानके सुधारली, आणि सख्ख्या भावंडांच्या किंवा पालक-पिल्लांच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. केनेल क्लबच्या क्रफ्ट्स या वार्षिक श्वानप्रदर्शनात २०१२ साली १५ जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी सक्तीची झाली. बुलडॉग आणि पेकिनीजसह त्यांतले सहा अपात्र ठरले. परीक्षकांनी आपापल्या जातीत सर्वोत्तम ठरवलेले ते कुत्रे होते, हे लक्षात घ्या. पुढे नेदरलँड्सने २०१९ पासून तोंडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निर्बंध घातले, आणि नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची तेव्हा चालत होती तशी पैदास बेकायदा ठरवली.

तुमच्या कुत्र्याबद्दल सांगायचे, तर शस्त्रक्रिया लांबवू नका, कारण सतत जोर लावून श्वास ओढल्याने स्वरयंत्राचा भाग कालांतराने ढासळतो आणि मग उपाय कमी उरतात. वजन उतरवा, आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. मादीसाठी मागणी आली आहे, तिला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. केंब्रिज विद्यापीठाने विकसित केलेल्या एका चाचणीत घशाजवळचा श्वास ऐकतात, कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवतात, पुन्हा ऐकतात आणि ० ते ३ अशी श्रेणी देतात. श्रेणी ३ मिळालेल्या कुत्र्याची पैदास करू नये, असा तिचा संकेत आहे. जो कुत्रा बसून झोपतो, त्याची श्रेणी काय येईल हे मला चाचणीशिवायही सांगता येईल.

जुना पैदासकार

डॉक्टरांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण सगळा दोष रिंगणावर टाकणे मला मान्य नाही. खुब्याच्या एक्स-रेवर, हृदयाच्या आणि डोळ्यांच्या तपासणीवर पदरचा खर्च करणारे लोक मला मुख्यतः प्रदर्शनांच्या वर्तुळातच भेटले. चपट्या तोंडांची बहुसंख्य पिल्ले अशा ठिकाणी जन्मतात, जिथे कुणी तपासणीही करत नाही आणि मानकही वाचत नाही.

तरीही आमच्या बाजूची एक गोष्ट मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. डाल्मेशियन जातीत मूत्रातले युरिक आम्ल वाढवणारा जनुकीय दोष इतका पसरला होता की निर्दोष शुद्ध डाल्मेशियन मिळणेच अशक्य झाले होते, आणि त्यामुळे मूत्रखड्यांनी अनेक नर हैराण होत. १९७३ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट शायबल या अनुवंशशास्त्रज्ञाने एका पॉइंटरशी केवळ एकदाच संकर केला, आणि त्यानंतर प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच वापरून निरोगी जनुक टिकवले. काही पिढ्यांनी ते कुत्रे पाहून कुणालाही फरक ओळखता येईना. तरीही १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने नोंदवलेल्या दोन कुत्र्यांवर जातीच्या क्लबमधून आक्षेप आला, पुढची नोंदणी थांबली, आणि हा वंश स्वीकारला गेला तो २०११ मध्ये. एका पूर्वजाच्या डागाला घाबरून आम्ही तीस वर्षे आजारी पिल्ले जन्माला घातली. शुद्धतेचा हा हट्ट मी स्वतः अनेक वर्षे बाळगला होता, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटते.

पगपालक, विजेत्या वंशावळीला अर्थ आहे, पण तो मर्यादित आहे. तिच्यावरून बाप कसा दिसत होता ते कळते. तो आठव्या वर्षी जिना चढत होता का, हे पैदासकाराला विचारावे लागते, आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन पाहावे लागते.

पगपालक

सर्वांचे मनापासून आभार. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली आहे. काल पैदासकाराला फोन करून आईवडिलांविषयी विचारले, तेव्हा आईच्या टाळूची शस्त्रक्रिया तिच्या तिसऱ्या वर्षीच झाली होती, हे मला पहिल्यांदा समजले. तिचे शेवटचे पदक त्यानंतरचे आहे. परिचितांना नकार कळवला आणि त्यांच्या मादीचीही श्वासाची तपासणी करून घ्यावी, असे सुचवले. भूल दिलेलीच असेल तर त्याच वेळी नसबंदीही करता येईल का, हे मी उद्या डॉक्टरांना विचारणार आहे.