ऑक्टोबरातला कामिनो: पोंचो की रेनजॅकेट?
कामिनो म्हणजे स्पेनमधली सान्तियागोपर्यंतची पायी यात्रा. तिच्यावर पावसासाठी पोंचो (सॅकवरूनही घालता येणारा सैल रेनकोट) घ्यावा की रेनजॅकेट, हा वाद स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसियात पोचलात की आपोआप मिटेल. तिथला पाऊस बारीक, पण तासन्‌तास पिच्छा न सोडणारा. माझं मत पोंचोला, सॅकही झाकली जाते. फक्त ओ सेब्रेरो गावाच्या चढावर (सुमारे १३०० मीटर) वारा सुटला की त्याचं शीड होतं, म्हणून कमरेला दोरी बांधायची. बूट भिजले तर आतला सोल काढून कागदाचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. जीन्स? अजिबात नको. हेडलॅम्प घ्याच, ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जाईपर्यंत तिकडे आठ वाजताही नीट उजाडलेलं नसतं. आणि निघणं लांबलंच, तर पिरेनीज डोंगरातला, कामिनोच्या सुरुवातीचा उंचावरचा नेपोलियन मार्ग १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत बंद असतो. मग खालून वालकार्लोस गावामार्गे जायचं.