शब्दचर्चा : ‘मनोरुग्ण’ला दुसरा शब्द?

आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळात मानसिक आरोग्यावर एक छोटी बैठक ठेवतोय. निमंत्रण लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. ‘मनोरुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांसाठी’ असं लिहिलं तर दांडियाबाजारातून कुणी फिरकणार नाही. माझ्या आत्याचं औषध वीस वर्षं चालू होतं. घरात ‘तिची तब्येत नरम असते’ एवढंच बोललं जाई, शेजारी ‘कारेलीबागची केस’ म्हणत, कारण मनाच्या आजारांचा सरकारी दवाखाना तिथे. कोणता शब्द वापरू?

— पुण्यात ‘येरवडा’, उत्तरेत ‘आग्रा’, तुमच्याकडे कारेलीबाग. ‘मनोरुग्ण’ खरं तर ‘वेडा’ टाळायलाच आला होता, पण बातम्यांत ‘मनोरुग्णाचा धिंगाणा’ वाचून वाचून तोही विटला. इंग्रजीतही तेच झालं. आपल्याकडच्या १९१२च्या कायद्याच्या नावात ‘लूनसी’ म्हणजे वेडेपणा होतं, १९८७मध्ये ते जाऊन ‘मेंटल हेल्थ’ आलं, २०१७मध्ये ‘मेंटल हेल्थकेअर’. नवा शब्दही चार वर्षांत शिवी होईल. मग बदलून काय साधतं?

— साधतं. जपानने २००२मध्ये स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजाराचं जुनं, ‘दुभंगलेलं मन’ अशा अर्थाचं नाव बदललं. मागणी रुग्णांच्या कुटुंबीयांची होती. त्यानंतर निदानाचं नाव रुग्णाला उघड सांगणारे डॉक्टर वाढले. आपण मराठीत ‘छिन्नमनस्कता’ घडवून बसलो आहोत, ती मला मुळीच आवडत नाही. ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणा सरळ.

— मला व्याकरण महत्त्वाचं वाटतं. ‘त्याला वेड लागलं’ आणि ‘तो वेडा आहे’ ही दोन वाक्यं एक नाहीत. तहान लागते, धाप लागते, उचकी लागते, आणि थांबतेही. ‘तिला ताप आहे’, ‘तिला मधुमेह आहे’ म्हणताना तिच्यात आणि आजारात तो ‘ला’ उभा असतो. ‘मनोरुग्ण’मध्ये दोघं एकमेकांना शिवून टाकलेत. तेव्हा ‘तिला मनाचा आजार आहे’ म्हणा. ‘महारोगी’ आपण असाच सोडला ना?

— पण ‘वेड’ला हद्दपार करू नका. विठ्ठलाचं वेड, गाण्याचं वेड, ‘वेडी कुठली!’ ही माया त्यातच आहे. शेजारची गुजराती आई लेकीला ‘गांडी’ म्हणजे वेडी म्हणते तेही लाडाने. तोच शब्द आजारी माणसाच्या पाठीमागून आला की दगड होतो.

— आणि ‘नैराश्य’? परीक्षेत नापास झाल्यावरही तेच म्हणतात, त्यामुळे त्यात आजार आहे हे कळत नाही. माझी आजी म्हणायची, ‘जिवाला करमत नाही, कशात मन लागत नाही.’ निमंत्रणात हेच घाला. आपल्याला मनोविकार आहे असं कुणाला वाटत नसतं. झोप येत नाही, हे मात्र प्रत्येकाला कळतं.

— सगळ्यांचे आभार. मजकूर असा केलाय : ‘झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, उगीच जीव घाबरा होतो. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललंय? घरात कुणाचं चाललंय? या, बोलू. यायला जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा, चोवीस तास, विनामूल्य.’ बैठकीत पहिली मीच बोलणार आहे. ‘माझ्या आत्याला स्किझोफ्रेनिया होता,’ इथून सुरुवात करीन.